वाट तशी गाडी

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात ॲना क्रीक नावाचे गुरांचे एक विस्तीर्ण कुरण आहे. त्याचे क्षेत्रफळ १५,००० चौरस किलोमीटरहून अधिक. अख्खा सोलापूर जिल्हा घेतला तरी तो या एका कुरणापेक्षा लहानच भरेल. तांबडी माती, खुरटी झुडपे आणि क्वचित कधी वाहणारे ओढे. शेजाऱ्याचे घर काही तासांच्या वाटेवर. अशा मुलखात गाडी बंद पडली तर जिवावरच बेतते.

म्हणूनच तिथला शेतकरी गाडी निवडताना सुखसोयींचा विचार सर्वांत शेवटी करतो. टोयोटाची १९८४ साली आलेली ‘लँड क्रूझर ७०’ तिथे आजही मानाने नांदते आहे. तिचा चौकोनी बांधा चार दशकांत फारसा बदललेला नाही. इंजिन डिझेलचे, काही प्रकारांत दोन टाक्या मिळून १८० लिटर इंधन मावते. बाजूने छतापर्यंत एक नळी चढवलेली असते. धुळीच्या लोटात आणि ओढ्याच्या पाण्यातही इंजिनाला स्वच्छ, कोरडी हवा मिळावी हा तिचा हेतू. पुढच्या बाजूस जाड दांड्यांचे कवच असते, कारण तिन्हीसांजेला कांगारू अकस्मात रस्त्यावर येतात. जाणते चालक मात्र कवचावर विसंबत नाहीत. ते अंधार पडल्यावर प्रवासच टाळतात. त्यात माणसाचा जीव वाचतो आणि त्या मुक्या जीवाचाही.

मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला ऑस्ट्रेलियात ‘यूट’ म्हणतात. तिच्या जन्माची एक हकिकत सांगितली जाते. व्हिक्टोरिया राज्यातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले, की रविवारी कुटुंबाला प्रार्थनेला नेईल आणि सोमवारी जनावरे बाजारात पोचवील अशी एकच गाडी आम्हांला हवी. दोन गाड्या परवडत नव्हत्या. १९३४ साली तशी गाडी बाजारात आली. गरज स्पष्ट होती, म्हणून गाडीही नेमकी झाली.

फोर व्हील ड्राइव्हचे तत्त्व जगभर एकच आहे. इंजिनाची शक्ती दोनऐवजी चारही चाकांना मिळते. त्यामुळे एक चाक चिखलात वा वाळूत घसरले तरी उरलेली चाके गाडीला पुढे नेतात. तत्त्व एक असूनही देशोदेशीच्या गाड्या इतक्या निराळ्या का, याचे उत्तर त्या त्या भूमीत शोधावे लागते.

आइसलँडमध्ये ते बर्फात सापडते. त्या बेटाच्या अंतर्भागातील डोंगरी रस्ते वर्षाचा बराच काळ बंद असतात. उन्हाळ्यात ते उघडले, तरी वाटेतील अनेक नद्यांवर पूल नाहीत. तिथे फोर व्हील ड्राइव्हच्याच गाड्यांना परवानगी असते. हिमनद्यांवर जाण्यासाठी तिथल्या कारागिरांनी जीपला ३८ इंच, ४४ इंच व्यासाचे अवाढव्य टायर बसवले आणि बर्फावर पोचताच त्यांतील बरीचशी हवा सोडण्याची युक्ती रूढ केली. मऊ पडलेला टायर पसरतो, भार विभागला जातो आणि दोन-तीन टनांची गाडी भुसभुशीत बर्फावर न रुतता चालते.

इतक्या समर्थ गाड्या असलेल्या या देशात रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर गाडी घालण्यास मात्र कायद्याने बंदी आहे. गोठलेल्या, बर्फाने झाकलेल्या भूमीचा तेवढा अपवाद. लाव्हाच्या खडकांवर वाढणारे तिथले शेवाळ अत्यंत मंदगतीने वाढते. त्यावर एकदा उमटलेला चाकाचा ओरखडा भरून यायला कित्येक दशके जातात. शेवाळातही जीव मानणाऱ्या जैन वाचकाला हा कायदा आपल्या घरातला वाटेल. सामर्थ्य आहे म्हणून ते वापरलेच पाहिजे असे नाही, एवढेच तो सांगतो.

अमेरिकेत चित्र पालटते. तिथे फोर्डच्या ‘एफ’ मालिकेचा पिकअप ट्रक १९७७ पासून विक्रीत आघाडीवर आहे. चार दारांचा ‘एफ-१५०’ साधारण ५.९ मीटर लांब आणि आरसे सोडून दोन मीटर रुंद भरतो. पश्चिमेकडील कुरणांवर, बर्फाळ उत्तरेत, जड गाडे ओढण्यासाठी त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु असे असंख्य ट्रक शहरातल्या गुळगुळीत रस्त्यांवरच फिरतात. त्याला स्वस्त पेट्रोल कारण आहे, तसा इतिहासही. युरोपने अमेरिकी कोंबड्यांच्या मांसावर जकात वाढवली, तेव्हा अमेरिकेने १९६४ पासून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लादला. परदेशी बनावटीच्या लहान पिकअपना ती बाजारपेठ महाग झाली आणि स्वदेशी मोठ्या ट्रकना मोकळे रान मिळाले.

या उंचीची किंमत रस्त्यावरून पायी जाणारा मोजतो. महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या तिथल्या एका विमा संस्थेने २०२३ साली अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या वाहनांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक आहे, त्यांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. अपघात कोणी हेतुपुरस्सर करीत नाही. परंतु प्रमादातून घडणारी हिंसाही हिंसाच, ही जैन आचारशास्त्राची दृष्टी येथे आठवल्यावाचून राहत नाही.

जपानच्या खेड्यांत याच्या अगदी उलट दृश्य दिसते. भातखाचरांमधल्या अरुंद बांधांवरून चिमुकले, बहुधा पांढरे ‘केई’ ट्रक ये-जा करीत असतात. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी आणि वाहण्याची मर्यादा ३५० किलो. ही मापे कायद्याने बांधलेली आहेत आणि त्या बदल्यात करात सवलत मिळते. शेतकऱ्यांच्या कितीतरी ट्रकना फोर व्हील ड्राइव्ह असते. चिखलातून बाहेर पडण्यासाठी वेगळा, अतिमंद गिअरही असतो. वृद्ध शेतकरी पती-पत्नी अशा ट्रकमधून भाजी मंडईत नेतात. त्यांचे काम अडत नाही.

करामुळे गाडीचा घाट ठरतो, हे भारतातही दिसते. चार मीटरांहून आखूड गाड्यांना करसवलत मिळाल्यापासून कंपन्या लांबी बेताने आखू लागल्या. २०२० सालची ‘थार’ ३,९८५ मिलिमीटर आहे. २०२३ मध्ये तिचा केवळ मागच्या चाकांवर चालणारा स्वस्त प्रकारही आला. डोंगर चढण्याचे सामर्थ्य नको, परंतु तसे रूप हवे, अशा ग्राहकांनाही आता सोय झाली.

कोणती गाडी श्रेष्ठ, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. लँड क्रूझर बांधावरून जाणार नाही आणि केई ट्रक वाळवंट ओलांडणार नाही. अनेकान्ताच्या दृष्टीने पाहिले, तर प्रत्येक गाडी आपापल्या वाटेच्या अपेक्षेने योग्यच आहे. मात्र ही अपेक्षा खरोखर वाटेची आहे की मनाची, हे तपासणे ज्याचे त्याने करायचे असते. श्रावकाच्या व्रतांत परिग्रहपरिमाण सांगितले आहे ते यासाठीच. संग्रहाची मर्यादा तिथे दुसरा कोणी आखून देत नाही. गृहस्थ आपली गरज ओळखून ती स्वतः ठरवतो.