आमीन, आमेन

नेवाशाकडच्या एका खेड्यात शाळेपासूनच्या मित्राच्या नातीचा बाप्तिस्मा होता. चर्च मिशनच्या काळातलं. जाड दगडी भिंती, कौलारू छप्पर, दोरी ओढून वाजवायची घंटा. अमेरिकन मराठी मिशनने नगरला 1831 साली काम सुरू केलं. या भागातल्या कितीतरी मंडळ्या त्यातूनच उभ्या राहिल्या. चपला बाहेर काढल्या, सतरंजीवर बसलो. एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका. परकं असं काही वाटलं नाही.

उपासना सगळी मराठीत. पेटी, टाळ आणि रेव्हरंड टिळकांच्या वळणाची, अभंगाच्या चालीवरची गीतं. आपल्याकडे नमाज अरबीत, बयान बहुतेक ठिकाणी उर्दूत, आणि बाहेर पडलं की लोक विचारतात, "तुमचं मराठी एवढं चांगलं कसं?" इथे माझ्या शेजारची म्हातारी माणसं देवाशी थेट नगरी बोलीत बोलत होती. खरं सांगतो, हेवा वाटला.

बाप्तिस्मा दोन मिनिटांत झाला. पाळकसाहेबांनी बाळ हातावर घेतलं, नाव उच्चारलं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने कपाळावर पाणी लावलं. मी गप्प होतो. तौहीद मानणाऱ्याला ते म्हणता येत नाही. कुणी म्हणायला सांगितलंही नाही. सूरह बकराच्या 138व्या आयतीत 'सिब्गतुल्लाह', म्हणजे अल्लाहचा रंग, असा शब्द येतो. अनेक मुफस्सिर त्याचा संबंध बाप्तिस्म्याच्या या पाण्याशीच लावतात. म्हणजे मतभेद जुना आहे. तो झाकून ठेवायची गरज ना मला वाटली, ना मित्राला.

मग बाळासाठी प्रार्थना झाली. तिला आरोग्य दे, शहाणपण दे, आईबापांना बळ दे. मी 'आमीन' म्हणालो, शेजारचे आजोबा 'आमेन'.

पंगतीत मित्राची आई ताट वाढताना म्हणाली, "निवांत जेव रे बाबा. बोकड मुलाण्याकडूनच कापून घेतलंय." आमच्या मुलीच्या अकीक्याला याच माउलीने सकाळपासून कांदे चिरले होते.

घरी पुतण्याने हटकलं, "चाचा, तिथे आमीन म्हणणं जायज आहे का?"

"दुआ काय होती, ते तर ऐक," म्हणत मी सगळी सांगितली. तो विचारात पडला. पटलं असं काही दिसलं नाही. मुलाण्याचं सांगितलं तेव्हा मात्र लगेच म्हणाला, "मग मला का नाही नेलं?"