दार न उघडणारी ॲनी

अंतराळवीराच्या धाडसाचं कौतुक सगळेच करतात. टीव्हीसमोर श्वास रोखून बसलेली त्याची बायको मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही.

अमेरिकेने १९५९ साली पहिले सात अंतराळवीर निवडले, तेव्हा त्यांच्या घरांच्या कहाण्यांचे हक्क ‘लाइफ’ साप्ताहिकाने विकत घेतले. सातही जणांच्या बायकांना कॅमेऱ्यापुढे हसतमुखाने उभं राहणं भाग पडलं. जॉन ग्लेनची पत्नी ॲनी हिला हे फार जड जायचं. लहानपणापासून ती बोलताना अडखळायची. फोनची तिला धास्ती वाटायची. टॅक्सीवाल्याला पत्तासुद्धा ती चिठ्ठीवर लिहून द्यायची.

२७ जानेवारी १९६२. केप कॅनव्हेरलला जॉन पाच तासांहून अधिक वेळ यानात आडवा पडून होता. शेवटी ढगांमुळे उड्डाण रद्द झालं. तिकडे व्हर्जिनियात त्याच्या घराजवळ उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन मोटारीत थांबले होते. टीव्हीवाल्यांसह आत येऊन ॲनीला धीर देण्याचा त्यांचा बेत होता. ॲनीला ते नको होतं. ‘नासा’च्या अधिकाऱ्यांनी जॉनला गाठलं आणि बायकोची समजूत काढायला सांगितलं.

दमूनभागून यानातून उतरलेल्या जॉनने फोन लावला. पण समजूत काढण्याऐवजी त्याने तिला सांगितलं की तुला नको असेल तर कोणालाही आत घेऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे. ॲनीने दार उघडलं नाही.

२० फेब्रुवारीला जॉनने पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि तो देशाचा लाडका वीर झाला. ॲनीचं अडखळणं मात्र तसंच राहिलं. १९७३ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तिने तीन आठवड्यांचे खास वाणी-उपचार घेतले. हळूहळू ती मोकळेपणाने बोलू लागली. पुढे जॉनच्या निवडणूक प्रचारात तिने भाषणंही केली. २०१६ साली जॉन गेला, तोवर त्यांचा संसार ७३ वर्षांचा झाला होता.

चारचौघांत बोलायला बिचकणारं माणूस आपल्याही घरात असतं. पाहुण्यांपुढे त्याला ‘बोल ना, लाजतोस काय?’ म्हणून पुढे ढकलणं सोपं असतं. त्या वेळी त्याची बाजू घेणारं घरचं एक माणूस असलं, तर पुढे कधीतरी बोलण्याचं बळ त्याचं त्यालाच येतं.