तीन तबकड्या

व्यापारी घरात जुनी वही सहसा टाकली जात नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची खतावणी माळ्यावर फडक्यात बांधलेली सापडते आणि उघडली की वाचताही येते. घरी तयार केलेल्या व्हिडिओच्या तबकड्यांना हे भाग्य नाही. त्या दिसतात जशाच्या तशा, पण चालतीलच याची शाश्वती नसते.

माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, त्यांच्या पंच्याहत्तरीचा सोहळा २००७ साली घरीच झाला. त्याच्या तीन तबकड्या आमच्यापाशी होत्या. तात्या गेल्यानंतर आईने, म्हणजे आक्काने, त्यांचा आवाज पुन्हा ऐकावा अशी इच्छा व्यक्त केली. आमच्या डीव्हीडी प्लेअरने मात्र तिन्हींपैकी एकही स्वीकारली नाही. प्लेअर बिघडला म्हणावे, तर विकत आणलेला चित्रपट त्यावर सुरळीत चालत होता.

विकतच्या तबकडीवरील खुणा कारखान्यात ठशाने उमटवलेल्या असतात. घरच्या तबकडीत त्या रंगद्रव्याच्या थरावर लेझरने उमटवतात, त्यामुळे प्रकाश कमी परावर्तित होतो. जुन्या प्लेअरला ती वाचणे जड जाते ते यामुळे. पण आमच्या तिन्ही तबकड्यांचे दुखणे एकच नव्हते.

पहिली पुतण्याने संगणकावर केलेली होती. तिच्यात चित्रणाच्या फाइली नुसत्या उतरवल्या होत्या. संगणकाला त्या चालतात, जुन्या प्लेअरला ठरावीक मांडणी लागते. त्याच फाइलींवरून ‘डीव्हीडी व्हिडिओ’ हा पर्याय निवडून, कमी वेगाने नवी तबकडी केली आणि काम झाले.

दुसरी चुलतभावाच्या घरच्या रेकॉर्डरवर भरलेली होती, पण तिचे ‘फायनलाइज’ करणे राहिले होते. रोजमेळात नोंदी साऱ्या कराव्यात आणि बेरीज-शिल्लक न काढताच वही ठेवून द्यावी, तसा हा प्रकार. लिहिणाऱ्याला ती वही समजते, परक्याला नाही. सुदैवाने तो रेकॉर्डर अजून चालू होता. त्यातच तबकडी घालून तेवढे काम पुरे केले आणि आमच्या प्लेअरने ती मुकाट्याने स्वीकारली.

तिसरी छायाचित्रकाराने दिलेली. तात्यांचे मनोगत होते ते हिच्यातच. वर चिकटवलेला कागद कडेला फुगला होता. अशाने तबकडी फिरताना डळमळते. खालच्या बाजूस ओरखडेही होते. कागद ओढून न काढता खालची बाजू मऊ ओलसर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसली. गोल पुसल्यास नवा ओरखडा लेखनाच्या रेषेवरूनच जातो आणि तो अधिक बाधतो. मग संगणकावर कमी वेगाने वाचून प्रत काढली. तबकडीवरील लेखन आतून बाहेर जाते, म्हणून कडेला इजा झाली की शेवट हरवतो. आमचेही तसेच झाले.

तात्या १९७२ च्या दुष्काळाची हकिकत सांगत होते. एक शेतकरी ज्वारीसाठी बायकोचा दागिना घेऊन दुकानात आला, इथवर आले आणि चित्र थिजले. पुढचे काही केल्या निघेना. घरात कोणी बोलेना. तेव्हा आक्का शांतपणे म्हणाली, “दागिना परत दिला आणि ज्वारी वहीवर मांडली. पुढच्या सुगीला तो आपण होऊन पैसे घेऊन आला. तुझ्या तात्यांनी व्याज धरलं नाही.”

आम्हा भावंडांपैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते. तिचे ते बोलणे आम्ही लगेच तिच्याच तोंडून पुन्हा मोबाइलवर मुद्रित करून घेतले. आता सगळ्याची एक प्रत हार्ड डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक पुण्याला बहिणीच्या घरी आहे.

ज्यांच्या कपाटात अशा तबकड्या असतील, त्यांनी दिवाळीच्या आवराआवरीची वाट न पाहता त्या एकदा लावून पाहाव्यात. ज्या चालतील त्यांच्या प्रती त्याच दिवशी काढाव्यात. आणि पाहताना घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे. तबकडीवर जे उमटलेले नाही, ते त्यांच्यापाशी असते.