विळा हातात घेऊन बघावा

उन्हाळ कांद्याची मान पडू लागली की आमच्या घरात पहिली चौकशी होते ती विळ्यांची. मनमाडच्या शिवारात मार्च-एप्रिलमध्ये काढणी सुरू होते आणि बायकांच्या टोळ्या उक्त्यावर वावरात उतरतात. डाव्या हातात पात धरायची, खाली कांदा लोंबतो, उजव्या हातातला विळा मानेवरून एकदा ओढायचा. दिवसभर तेच. ही कापणी मी परकरात होते तेव्हापासून करत आले आहे, आणि विळा कुठून घ्यावा ह्याबद्दल माझं मत पक्कं आहे.

राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस अशी, की काढलेला कांदा 3 दिवस पातीसकट वावरात सुकू द्यावा, मग 2 ते 2.5 सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि पुढे 10 ते 12 दिवस सावलीत ठेवावा. ह्यात विळ्याचा उल्लेख नसतो, पण धार नसेल तर ही सगळी मेहनत वाया जाते. बोथट विळा मान कापत नाही, पिळतो. वरचा पापुद्रा फाटतो, जखम ओली राहते आणि कांदाचाळीत सड तिथूनच शिरते. एप्रिलचा कांदा भाव बघत श्रावण-भाद्रपदापर्यंत थांबवायचा असेल तर मान स्वच्छ कापलेली हवी. आणि कापणाऱ्या बाईचं मनगट? बोथट विळ्याने ते संध्याकाळपर्यंत सुजतं. मजुरी मोजताना ही सूज कोणी मोजत नाही.

आता घराघरातली पोरं मोबाइलवर विळा मागवतात. घरपोच येतो, स्वस्तही पडतो. उघडून बघितला तर बहुतेक वेळा पातळ पत्र्यातून ठोकून काढलेला असतो, दाते यंत्राने पाडलेले, मूठ प्लॅस्टिकची. गवताला, गव्हाला तो चालतो. कांद्याच्या हंगामात मात्र दाते झिजले की संपला, कारण त्या पात्यात पुन्हा पाजवण्यासारखं काही उरत नाही. जाहिरातीत ‘हाय कार्बन’ लिहिलेलं असतं, पोलाद नेमकं कोणतं ते नसतं. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांवर तर ‘दमास्कस’ म्हणून लाटांची नक्षी असते. स्वस्त मालात ती बहुधा वरवर उमटवलेली असते, पोलादाच्या थरांतून आलेली नसते. खऱ्या दमास्कस पात्यांची कीर्ती ज्या हिंदुस्थानी पोलादावर उभी राहिली, ते जिथे बनायचं त्यांपैकी एक गाव म्हणजे निजामाबादकडचं कोनासमुद्रम. आमच्या मनमाडहून छत्रपती संभाजीनगर, नांदेड करत निजामाबादला थेट रेल्वे जाते. एवढ्या जवळच्या मुलखाची विद्या आणि तिचं नुसतं चित्र आपण परक्या नावाने विकत घ्यावं, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्याकडे लोहाराचा आणि घिसाड्यांचा विळा बनतो तो ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून. पानेवाडीच्या तेल डेपोंमुळे ह्या रस्त्यांवर टँकरांची सतत वर्दळ, त्यामुळे गॅरेजांतून तुटके पाटे मिळतात. पाट्याचं पोलाद लवचीक आणि चिवट, त्याला धार धरते. घिसाड्यांच्या पालावर नवरा सांडशीत तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो आणि बायको उभी राहून घण घालते. तिच्या एकेका घावाची जागा ठरलेली असते. आकार आला की पातं पुन्हा लाल करायचं आणि पाणी द्यायचं. इथेच खरी परीक्षा. नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं कडक होतं, दगडाला लागलं की टवका उडतो. म्हणून ते परत मंद आचेवर धरतात. घासून उजळलेल्या पात्यावर आधी गव्हाळ रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कुठल्या रंगावर थांबायचं हे काम सांगतं. कांद्याच्या विळ्याला गव्हाळच्या थोडं पुढे, कुदळीला निळ्यापर्यंत. भट्टीवर मोजायचं यंत्र नसतं, डोळाच असतो.

आमच्या टोळीत एक डावखुरी बाई आहे. विळ्याच्या धारेला उतार एकाच बाजूने असतो. उजव्या हाताचा विळा तिने डाव्या हातात धरला की पातं आत न जाता बाहेर सरकतं आणि मान तिरपी तुटते. लोहाराने तिला दोन कांदे कापायला लावले, तिचा हात बघितला आणि उलट्या उताराचा विळा करून दिला. मूठही बारीक केली, कारण तिचा पंजा लहान. हे काम मोबाइलवर कोणाला सांगणार?

तरी ऑनलाइन सगळंच टाकाऊ म्हणणार नाही. डाळिंब-द्राक्षांच्या छाटणीची कात्री मी बाहेरून आलेलीच घेते. स्वित्झर्लंडची ‘फेल्को’ घ्या: पातं झिजलं तर पातं मिळतं, स्प्रिंग गेली तर स्प्रिंग मिळते. तशी कात्री आमचा लोहार करत नाही, आणि तो स्वतःच तसं सांगतो. घरातली सुरीही स्टेनलेसची बरी, कारण साध्या लोखंडाने चिरलेला कांदा काळा पडतो. पण ती भांड्यांच्या दुकानात जाऊन घ्यावी. धार डोळ्यांसमोर धरून सरळ आहे का बघावी, पात्याची शेपूट मुठीत किती खोल गेली आहे ते विचारावं, मूठ ओल्या हाताने धरून बघावी. चांगला दुकानदार ह्याला नाही म्हणत नाही.

लोहाराचा विळा महाग पडतो हे खरं. पण तो दरवर्षी शेवटून, म्हणजे धार नव्याने काढून, घेता येतो, आणि पातं अगदी अरुंद झालं की त्याचंच खुरपं होतं. बलुत्याच्या काळात खळ्यावरचं धान्य त्याला हक्काने मिळे, आज रोख मजुरीवर त्याचं घर चालतं. त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. आणि विळे माघातच करायला टाका, कारण काढणी लागली की भट्टीपुढे रांग असते आणि घाईत दिलेलं पाणी नीट बसत नाही.