कुंपणापलीकडची खसखस

तुला म्हणून सांगते, २३ जून २०१६च्या त्या गुरुवारी लंडनमध्ये आषाढातल्यासारखा पाऊस कोसळत होता, आणि ओल्या स्वेटरचा लोकरी वास अंगावर घेऊन मी युरोपियन युनियनमध्ये राहण्याच्या बाजूने फुली मारून आले. पासपोर्ट भारताचा, तरी राष्ट्रकुलातली म्हणून मला मत होतं. कुंपणापलीकडच्या पोलिश शेजारणीला मात्र नव्हतं, आणि प्रश्न तर तिच्याच राहण्याचा होता. ते मला अजून बोचतं.

२००४ साली पोलंड युनियनमध्ये आला आणि तिच्यासारखी कितीतरी माणसं नुसत्या ओळखपत्रावर इकडे आली. व्हिसाच्या रांगांत उभं राहून पाय दुखलेल्या मला त्या सहज येण्याजाण्याचं केवढं अप्रूप! शुक्रवारी ती पिशवी उचलून माहेरी जायची आणि सोमवारी कुंपणावरून आईच्या हातची बरणी यायची, शेपू-लसूण घालून आंबवलेल्या काकड्यांची, झाकण उघडताच नाकात झिणझिण्या आणणारी. नाताळात तिच्याकडे खसखशीचं गोड सारण भरलेली गुंडाळी भाजली जायची. दिवाळीत माझ्या अनारशांना खसखस कमी पडली, तर वाटीभर तिच्याकडूनच. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पांढऱ्या टेबलक्लॉथखाली गवताच्या चार काड्या, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं, आणि जेवणाआधी पातळ पांढऱ्या पोळीचा तुकडा एकमेकींच्या हातातून मोडून घेत दिलेल्या शुभेच्छा.

निकाल लागला, ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने. त्या सकाळी ती बागेत कपडे वाळत घालत होती, तोंडात चिमटे धरून, त्यामुळे दोघींनाही बोलावं लागलं नाही. पुढे, इतकी वर्षं राहिलेल्या गावात राहू द्या म्हणून अर्ज करायचा, हे तिच्या फार जिव्हारी लागलं. ३१ जानेवारी २०२०ला रात्री अकराला, ब्रसेल्समध्ये बारा वाजताना, ब्रिटन बाहेर पडला, तोवर शेजारच्या खिडक्यांना दुसऱ्याच कुणाचे पडदे लागले होते.

माझ्या हातचं साजूक तूप तिला भारी आवडायचं. आता तिकडे निघालेल्या कुणाबरोबर दूधदुभतं पाठवायची सोय राहिली नाही, म्हणून ती स्वतःच लोणी कढवते. परवा फोनवर विचारत होती, गॅस कधी बंद करू. म्हटलं, बेरी बदामी झाली की. विड्याचं पान तिथे कुठलं मिळायला, मिठाचा खडा टाक.