मुक्काम एकीकडे, पोस्ट दुसरीकडे

पाकिटावर पत्ता कसा लिहायचा हे आम्हां भावंडांना वडिलांनी पाटीवर गिरवून शिकवले. आधी नाव, मग ‘मु. पो. वाई’, मग ‘जिल्हा सातारा’. ‘मु. पो.’ म्हणजे काय, असे धाकट्याने एकदा विचारले, तेव्हा वडील म्हणाले, “मुक्काम आणि पोस्ट. माणूस जिथं राहतो तो मुक्काम आणि त्याची पत्रं जिथं येतात ते पोस्ट.” धाकट्याने लगेच शंका काढली, “दोन्ही एकच, मग दोन अक्षरं कशाला?” वडील हसले आणि अक्काने त्याच्या डोक्यात टपली मारली.

साठ वर्षांनी या शंकेचे उत्तर धाकट्यानेच दिले. अमेरिकेत पस्तीस वर्षे नोकरी केल्यावर त्याने ओहायोतले घर विकले, चौतीस फुटी ‘आर. व्ही.’ घेतली आणि नवराबायको तिच्यात राहू लागली. आर. व्ही. म्हणजे मोटारीवर बांधलेले घर. स्वयंपाकाचा ओटा, पलंग, न्हाणी, फ्रिज, सगळे आत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे यांचे चाकांवर. २०२४ च्या सप्टेंबरात त्यांनी आम्हां उभयतांना तीन महिन्यांसाठी बोलावले. “दादा, आता नाही आलास तर गुडघे येऊ देणार नाहीत,” हे त्याचे वाक्य सौभाग्यवतींना पटले आणि आम्ही निघालो.

साउथ डाकोटाची उघडी माळराने, कोलोरॅडोचे डोंगर, न्यू मेक्सिकोची मातीच्या रंगाची गावे! त्यांचे वर्णन वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे माझे लक्ष भलतीकडेच. पहिल्याच रात्री मी धाकट्याला विचारले, “तुझी पत्रं कुठं येतात रे?”

“दादा, मुक्काम इथं आणि पोस्ट साउथ डाकोटात,” तो म्हणाला आणि आम्ही दोघेही पाटीची आठवण येऊन हसलो.

बिनघराचे राहणे वाटते तेवढे सोपे नाही. गाडीची नोंदणी, तिचा विमा, वाहन चालवण्याचा परवाना, बँक, आयकर, म्हातारपणच्या सरकारी आरोग्य विम्याची कागदपत्रे, सगळ्यांना एक कायमचा पत्ता लागतो. ‘सध्या अमुक तळ्याच्या काठी’ असे लिहून भागत नाही. म्हणून हे फिरस्ते लोक एखादे राज्य आपले मानतात. टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डाकोटा ही त्यांची आवडती राज्ये. तिन्ही राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही आणि लोकांचे टपाल सांभाळणे हाच धंदा असलेल्या संस्था तिथे आहेत. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन या गावी तर १९७८ साली स्थापन झालेल्या ‘एस्केपीज’ या फिरस्त्यांच्या क्लबाचे ठाणे आहे. हजारो कुटुंबांचे पोस्ट तिथे आणि मुक्काम देशभर!

धाकट्याने साउथ डाकोटा निवडले. तिथे एक रात्र तंबूच्या तळावर काढायची, पावती घ्यायची आणि टपालसंस्थेचा पत्ता जोडून परवान्याच्या कचेरीत जायचे. “एका रात्रीत मी डाकोटावासी झालो,” तो सांगतो. मात्र परक्याने आपले टपाल घ्यायचे म्हणजे पोस्टखात्याचा १५८३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. ओळखीचे दोन पुरावे आणि नोटरीसमोर सही. माझ्यातला जुना पोस्टमास्तर सुखावला. कडक नियमाशिवाय टपालाला अब्रू नाही!

मग तुम्हांला एक खण-क्रमांक मिळतो. पत्र आले की संस्थेतला माणूस पाकिटाचा बाहेरून फोटो काढतो आणि तो तुमच्या फोनवर येतो. आपण कळवायचे: फाडून टाका, उघडून आतले पान दाखवा किंवा राखून ठेवून गठ्ठ्यात पाठवा. दहांतली सात पाकिटे जाहिरातींची असतात, ती तिथेच फाडली जातात. सौ.ला हे भारी विचित्र वाटले. “परका माणूस आपली पत्रं बघतो?” मी म्हटले, “आपल्या गणपती आळीतल्या वाड्यात पोस्टमन कार्ड अंगणात उभा राहून वाचून दाखवायचा. हा निदान पाकीट न फोडता बघतो.”

गठ्ठा आपल्यापर्यंत पोचवण्याची जी युक्ती आहे, ती मात्र जुनीच आहे. तिचे नाव ‘जनरल डिलिव्हरी’. आपल्याकडे पोस्टात ‘पोस्ट रेस्तांत’ असते, तीच ही. पाकिटावर आपले नाव, खाली ‘जनरल डिलिव्हरी’, त्याखाली गाव, राज्य आणि झिप क्रमांक. त्यापुढे ९९९९ हे चार आकडे. गावच्या पोस्टात ते पडून राहते. ओळखपत्र दाखवून खिडकीवर घ्यायचे. मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. मग पत्र आल्या वाटेने परत.

झिप क्रमांक अमेरिकेत १९६३ साली आला. आपला सहा आकडी पिन क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. हे मी धाकट्याला अभिमानाने सांगितले. तो म्हणाला, “वाईचा ४१२८०३. स्वतःचा फोन नंबर विसरेन, तो नाही विसरायचा.”

धाकट्याचे या बाबतीतले काही ठोकताळे मी वहीत टिपून घेतले, कोणा वाचकाची मुलेबाळे असा संसार थाटणार असतील तर उपयोगी पडावेत म्हणून. गठ्ठा नेहमी लहान गावी मागवावा. मोठ्या शहरात ही सोय बहुधा एकाच पोस्टात असते आणि तिथे एवढी लांब गाडी उभी करायला जागा मिळत नाही. आधी त्या पोस्टात फोन करून खिडकीच्या वेळा विचाराव्यात. शनिवारी दुपारी सगळे बंद. ओळखपत्रावर जे नाव, तेच पाकिटावर. खासगी कुरियरची पार्सले या सोयीत सहसा चालत नाहीत. बँकेची कार्डे आणि मतपत्रिका यांच्या पाकिटांवर ‘पुढे पाठवू नये’ असे छापलेले असते, म्हणून पत्ता बदलल्याचे ज्याला त्याला स्वतः कळवावे. पोस्ट पुढे पाठवील या भरवशावर राहू नये. आणि शेवटचा नियम: एका वेळी एकच गठ्ठा वाटेत असावा. “दोन वाटेत असले की माणूस तिसऱ्याच वाटेला लागतो,” इति भावजय.

आता अक्काचे पत्र.

अक्का आमची थोरली, चौऱ्याऐंशी वर्षांची. वाईच्या वाड्यात भाच्याजवळ राहायची. तिला ऐकू कमी येई, त्यामुळे फोनवर तिचे “जेवलास का?” एवढेच खरे, पुढचे आमचे बोलणे तिला पोचत नसे. पण भाऊबिजेला ती दोघां भावांना पत्र पाठवी आणि कागदाच्या माथ्यावर कुंकवाचे बोट लावी. पस्तीस वर्षांत ओहायोच्या घरी हे पत्र कधी चुकले नव्हते. या वर्षी नव्या पत्त्यावर पहिल्यांदाच येणार होते.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात फोनवर पाकिटाचा फोटो आला. वर धाकट्याचे नाव देवनागरीत, खाली पत्ता भाच्याच्या इंग्रजी अक्षरात. भावजय म्हणाली, “उघडून पान दाखवा म्हणून कळवा. पाच मिनिटांत वाचून होईल.” धाकटा म्हणाला, “अक्काचं पाकीट परक्यानं फोडायचं नाही.” मी धाकट्याच्या बाजूने बोललो. गठ्ठा ॲरिझोनातल्या एका लहान गावी जनरल डिलिव्हरीने पाठवायचे ठरले. तिथे तो २६ ऑक्टोबरला पोचल्याचे फोनवर दिसले. आम्ही एक तारखेला पोचणार होतो, भाऊबिजेच्या दोन दिवस आधी.

२९ ऑक्टोबरला न्यू मेक्सिकोत एका माळावर आमच्या घराचा गिअरबॉक्स बसला. घर ओढत नेऊन कारखान्याच्या आवारात उभे केले. सुटा भाग बाहेरून यायचा होता. दिवाळी त्या आवारात झाली. सौ. आणि भावजय यांनी बेसनाचे लाडू वळले, शेजारच्या ट्रक ड्रायव्हरला दोन दिले. ३ नोव्हेंबरला भाऊबीज. वाईला फोन लावला. अक्काने चक्क “जेवलास का?”च्या पुढे जाऊन विचारले, “पत्र मिळालं का?” धाकटा ओरडून म्हणाला, “वाटेत आहे!” हे मात्र तिला ऐकू गेले. हसून म्हणाली, “पत्र वाटेत, तूही वाटेत.”

खरे सांगायचे तर त्या पत्राची आम्हांला घाई नव्हती. चार दिवसांनी मिळेल, असे म्हणून आम्ही पत्ते कुटत बसलो. १४ नोव्हेंबरला पहाटे भाच्याचा फोन आला. अक्का झोपेतच गेली.

धाकटा गाडीच्या पायरीवर बसून राहिला. परदेशात राहणाऱ्या माणसाला हा फोन कधी तरी येणार हे ठाऊक असते. तरी तो येतो तेव्हा माणूस पाटी घेऊन बसलेला पोरगाच होतो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “दादा, तिचं पत्र तिथं पडलंय.” मी मनातल्या मनात दिवस मोजले. २६ ऑक्टोबरपासून तीस दिवस म्हणजे २५ नोव्हेंबर, सोमवार.

भावजयीने एका शब्दानेही ‘मी सांगत होते’ म्हटले नाही. तिने पोस्टात फोन लावला. पलीकडच्या बाईने ऐकून घेतले आणि सांगितले, सोमवारी खिडकी बंद होईपर्यंत राहील, पुढे नियम नियम आहे. मी आयुष्यभर लोकांना हेच उत्तर देत आलो. ते ऐकून घेणाऱ्याला कसे लागते हे त्या दिवशी कळले. कारखानदार रोज “उद्या” म्हणे. अखेर शुक्रवारी, २२ तारखेला गाडी सुटली.

साडेचारशे मैल. धाकटा फारसे बोलला नाही. ॲरिझोनाची हद्द लागल्यावर मी त्याला बोलते करायचे म्हणून टपालाचाच विषय काढला. तेव्हा त्याने सुपाई गावाची गोष्ट सांगितली. ग्रँड कॅन्यनच्या एका फाट्यात, दरीच्या तळाशी हवासुपाई लोकांचे हे गाव आहे. तिथे मोटारीचा रस्ताच नाही. कड्यावरून आठ मैल खाली टपाल खेचरांच्या पाठीवर जाते, आजही. “खेचरं पोचवतात दादा,” तो म्हणाला, “आणि मला एक गिअरबॉक्स आडवा आला.”

शनिवारी दुपारी पोचलो. खिडकी बंद. रविवार त्या गावाच्या कडेला काढला. सोमवारी खिडकी उघडण्याआधी अर्धा तास आम्ही चौघे दारात उभे. खिडकीवर साठीची एक बाई होती. तिने परवाना पाहिला, आत गेली आणि गठ्ठा घेऊन आली. त्याच्यावर पेन्सिलीने लिहिलेले होते: ‘कुटुंबातले पत्र. वाट पाहा.’ फोनवर नियम सांगणारी ती हीच. मी तिला म्हटले की मीही पोस्टात होतो, भारतात. तिने खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात हातात घेतला.

पत्र धाकट्याने गाडीत बसून उघडले. माथ्यावर कुंकवाचे बोट, किंचित पसरलेले. अक्षर डगमगते. आत काही विशेष नव्हते. पारिजातक यंदा फार फुलला, कृष्णेला पाणी आहे, दादाला गुडघ्यांना तेल लावायला सांग. आणि शेवटी: “नवा पत्ता भाच्याने लिहून दिला. तो तुमच्या पोस्टाचा आहे म्हणे. पोस्ट कळले, मुक्काम कळवीत जा. रात्री दिवा लावताना कुठे बघून हात जोडायचे ते समजत नाही.”

तिथून आम्ही क्वार्ट्झसाइटला गेलो. ॲरिझोनाच्या वाळवंटातले हे टिचभर गाव. हिवाळ्यात इथे देशभरचे फिरस्ते येऊन उतरतात. ला पोसा नावाच्या सरकारी माळावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परवाना काढून राहता येते. गावच्या दफनभूमीत एक दगडी मनोरा आहे, वर तांब्याचा उंट. १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याच्या उंटांबरोबर आलेला हाजी अली इथे १९०२ साली वारला. लोकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचे ‘हाय जॉली’ झाले. जन्मभर वाळवंट तुडवलेल्या त्या उंटवाल्याचा तेवढा एकच कायमचा पत्ता. धाकटा तिथे बराच वेळ उभा होता.

आम्ही डिसेंबरात परतलो. धाकट्याला मी घर घे असे सुचवले नाही. त्याला ते राहणे मानवते. पण एक बदल झाला. महिन्यातून एकदा त्याचे हाताने लिहिलेले पत्र येते, एक मला पुण्याला आणि एक वाईला, भाच्याच्या नावे. पाकिटावर पोस्ट साउथ डाकोटाचे असते. आत मात्र उजव्या कोपऱ्यात, तारखेच्याही वर, तो पहिली ओळ लिहितो: ‘मुक्काम’, आणि पुढे गावाचे नाव.

वाईचे पत्र भाचा वाचतो आणि संध्याकाळी दिवा लावताना देवाजवळ ठेवतो.