नावेतलं पाणी



या वेळी उन्हाळी खारोड्यांचं प्रमाण लिहून देणार होते. दोघीतिघींनी मागितलंही होतं. ते पुढच्या लेखात नक्की देते. आज मात्र एका बोटीबद्दल लिहायचंय. पंधरा दिवस झाले, मनातून जात नाहीये.

आता तुम्ही म्हणाल, बीडच्या बाईचा आणि बोटीचा संबंध काय? खरंच आहे. आपल्याकडे पाणी म्हणजे आठ-दहा दिवसांनी येणारा नळ. लहानपणी पाण्याची मौज म्हणजे कंकालेश्वराच्या कुंडात डोकावणं, नाहीतर पालीजवळचं बिंदुसरा धरण भरलं की सांडव्यावरून पडणारं पाणी बघायला जाणं. होडी असायची ती वहीच्या पानाची.

आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. लग्नं झाल्यावर आमची नावं मागे पडली आणि गावंच नावं झाली. एक गेवराईची, एक माजलगावची, एक कड्याची. मी बीडमध्येच राहिले, म्हणून मी नुसती 'बीडवाली'. या लेखात मुख्य आहे ती कड्याची.

तिचं माहेर नदीजवळ होतं. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेला पूर आला, तेव्हा आम्ही आठवीत होतो. त्या पुराने बीडमधली किती घरं रिकामी केली, हे आपल्या वयाच्या बायकांना सांगायला नको. तिच्या घरात पाणी शिरलं. सगळे शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसून राहिले म्हणून वाचले. तेव्हापासून ती पाण्याला भिते. नदीवर गेलो तरी ती काठावर चपला सांभाळत बसायची.

१९९५ मध्ये कॉलेजची सहल मुंबईला गेली. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. रात्रभर बसने हाडं खिळखिळी करून घेत पोहोचलो. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीची लेणी बघायला लाँचने जायचं होतं. ही बाई पायरीवरच अडून बसली. तिघींनी ओढूनच आत घेतलं. लाकडी लाँच होती, जुनी, रंगाचे थरांवर थर चढलेली. खाली पोटात डिझेलचं इंजिन, वर बाकं, आणि अजून वर बसायचं असलं तर वेगळे पैसे. तांडेल पुढे सुकाणूवर उभा असायचा. त्याने दोरी ओढून घंटी वाजवली की खालचा माणूस इंजिन हळू किंवा जोरात करायचा. समुद्र पार करायला साधारण एक तास लागतो. पहिला अर्धा तास ती डोळे मिटून नवकार म्हणत होती आणि माझं मनगट धरून होती. बांगडी रुतून वळ उठला होता. मग कुठेतरी तिने डोळे उघडले. लाँचच्या मागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा उडत येत होता. ती बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. परतताना तांडेलाला विनवून तिने एकदा ती घंटीही वाजवली. गेवराईची अजून तिला 'कॅप्टन' म्हणते.

२००४ मध्ये आम्ही मुलाबाळांसह पुन्हा गेलो. तशीच लाँच, तशीच घंटी. दशम्या आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी बाकावर पसरून आम्ही चौघींच्या चौघी आठवणींवर इतक्या हसलो की मुलांना लाज वाटली.

त्यानंतर मधे बरीच वर्षं कोरडी गेली. त्याला कारण मी.

२०१२-१३ चा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. जनावरांच्या छावण्या, टँकर, ओसाड बाजार. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, मग कापड कोण घेणार? कड्याचीच्या घरचं कापडाचं दुकान होतं. एके दुपारी तिचा फोन आला. रडत होती. दुकानावर कर्ज किती झालंय, कुणाकुणाचं देणं आहे, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "सासऱ्यांना अजून माहीत नाही. कुणाला बोलू नकोस."

मी बोलले. दुसऱ्याच दिवशी नणंद आली होती. भाजी निवडता निवडता, 'बिचारीवर काय वेळ आलीय बघा' असं म्हणत मी सगळं सांगून टाकलं. मनात वाईट काही नव्हतं, हे मी स्वतःला किती वर्षं सांगत आले! पण बोलताना गोड वाटलं होतं, हेही खरं. आठवडाभरात देणेकरी दुकानात येऊन बसले. पुढे दुकान विकलं. कड्याचीने मला कधी काही विचारलं नाही. फोन मात्र कमी होत गेले आणि मग थांबले.

मी काय केलं? दर संवत्सरीला मोबाइलवरून खमतखामणाचा मेसेज पाठवला. एकच मेसेज दोनशे जणांना. त्या दोनशेत तीही असायची. तिच्याकडून हात जोडलेलं चित्र यायचं. मला वाटायचं, चला, झालं.

या वर्षी आम्ही सगळ्या पन्नाशीच्या उंबऱ्यावर. गेवराईचीने हट्टच धरला की एकदा चौघींनी घारापुरीला जायचंच. फेब्रुवारीत जायचं ठरलं. घरोघरी विरोध झाला, आणि तो चुकीचाही नव्हता. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर नौदलाची वेगवान बोट प्रवासी बोटीवर आदळून माणसं गेली होती. माझा मुलगा म्हणाला, "लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही." आता तसं ते सगळ्यांना घालावंच लागतं.

सासूबाईंची अडचण वेगळी होती. "मौजेसाठी पाण्यात कशाला जायचं? अप्कायाची विराधना." त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. मी फक्त एवंता मुनींची गोष्ट आठवून दिली. पोलासपूरचा तो छोटा राजकुमार, गौतमस्वामींचं बोट धरून निघालेला. दीक्षा झाल्यावर पावसाच्या पाण्याला मातीचा बांध घालून त्याने आपलं पात्र सोडलं आणि माझी नाव तरते, माझी नाव तरते, म्हणून खेळू लागला. मोठे मुनी नाराज झाले. भगवान महावीरांनी मात्र सांगितलं की हा याच भवात मोक्षाला जाणार, याची अवहेलना करू नका. सासूबाई म्हणाल्या, "तो इरियावही करताना रडला होता, ते विसरू नकोस." मग मला उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून दिल्या.

तर पुन्हा तीच लाँच. तीच होती की नाही देव जाणे, पण आम्ही तीच असं ठरवून टाकलं. नारिंगी जॅकेटं घालून चौघी भोपळ्यासारख्या दिसत होतो. गेवराईची आणि माजलगावची वर गेल्या. कड्याचीला वरची भीती वाटते, म्हणून ती खालीच इंजिनाजवळच्या बाकावर बसली. मीही तिच्याजवळ बसले. जाताना आम्ही बोललो ते सुनांबद्दल आणि गुडघ्यांबद्दल.

अर्ध्या वाटेत एका खलाशाने पायाखालची फळी उचलली. खाली काळसर, तेलकट पाणी डुचमळत होतं. कड्याची घाबरून उभीच राहिली. "आत पाणी येतंय का?"

तो हसला. "मावशी, लाकडाची बोट आहे, थोडं पाझरणारच. पाझरलं की काढायचं." असं म्हणून त्याने पंप सुरू केला. तो जुना माणूस होता, सांगायची हौस होती. पावसाळ्यात बोट वर ओढतात, फळ्यांच्या सांध्यांतली जुनी वात काढून कापसाची नवी वात ठोकून बसवतात, वरून लेप देतात. मी विचारलं, मग नवी केल्यावर तरी पाणी येत नसेल? तो म्हणाला, "उलट तेव्हाच येतं. फार दिवस कोरडी ठेवली की फळ्या आक्रसतात, फटी पडतात. पाण्यात सोडल्यावर सुरुवातीला गळते. मग लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फट आपोआप मिटते. बोट वापरात पाहिजे."

मी त्या फळीखालच्या पाण्याकडे बघत बसले. चातुर्मासात महासतीजींनी नवतत्त्व शिकवताना हाच दाखला दिला होता. नावेला भोकं आहेत, त्यातून पाणी येतं, तो आस्रव. भोकं बुजवणं म्हणजे संवर. आत आलेलं पाणी उपसणं म्हणजे निर्जरा. उत्तराध्ययनाच्या तेविसाव्या अध्ययनात गौतमस्वामी केशी श्रमणांना सांगतात की गळकी नाव पार जात नाही, न गळणारी जाते. शरीर ही नाव आणि जीव हा नावाडी. परीक्षेत मी हे सगळं बिनचूक लिहिलं होतं. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. माझ्या नावेला भोक तोंडाशी आहे, हे मात्र मी कुठे लिहिलं नव्हतं. आणि बारा वर्षं पाणी उपसायच्या नावाखाली मी फक्त मेसेज पुढे ढकलत होते.

लेणी बघितली. एकशेवीस पायऱ्या गुडघ्यांना मोजून कळल्या. चौविहार होता म्हणून डबा उन्हातच संपवला आणि साडेतीनची लाँच धरली.

परतताना मी बोलायचं ठरवलं. माफी हळू आवाजात मागायची असते, नाही का? पण इंजिनाच्या शेजारी हळू बोललेलं कोण ऐकणार? मी म्हटलं, "दुकानाचं मीच बोलले होते." ती म्हणाली, "काय?" मी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, "काय गं?" शेवटी मी ओरडले, "तुझ्या दुकानाचं नणंदेला मी सांगितलं होतं!" समोरच्या बाकावरचं अख्खं कुटुंब आमच्याकडे बघू लागलं.

ती थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मला माहीत आहे. त्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू येशील म्हणून थांबले."

मला काही सुचेना. ती पुढे म्हणाली, "दुकान तुझ्यामुळे गेलं नाही. ते दुष्काळानेच नेलं होतं. पण आम्ही दोन दिवसांत सासऱ्यांना घरात बसवून सांगणार होतो. त्यांना ते चारचौघांत, देणेकऱ्यांच्या तोंडून कळलं. त्यानंतर ते दुकानाच्या गल्लीत कधी गेले नाहीत." आणि मग, "दर संवत्सरीला तुझा मेसेज यायचा. मी उघडून बघायचे. वाटायचं, या वर्षी तरी फक्त माझ्यासाठी लिहिला असेल."

मैत्रिणींनो, तिने रागावून बोललं असतं तर बरं झालं असतं.

मी हात जोडले, मिच्छामि दुक्कडं म्हटलं. या वेळी ओरडून नाही. तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. ती काही बोलली नाही. गेटवे जवळ आला, तांडेलाने घंटी वाजवली, इंजिन मंदावलं. ती म्हणाली, "आवाज तसाच आहे बघ." एवढंच. उतरताना लाँच आणि पायरी यांच्यामध्ये पाणी वरखाली होत होतं. तिने माझं मनगट धरलं, घट्ट, बांगडी रुतेल असं.

रात्री मुक्कामी पोहोचल्यावर आधी इरियावही केली. त्यातल्या 'दग' या शब्दाशी, म्हणजे पाण्याशी, मी रोज किती घाईने पुढे जाते ते लक्षात आलं.

आठवडाभराने मी कड्याला गेले. सासरे आता नाहीत. तिच्या सासूबाईंसमोर बसून, काय केलं ते सांगून माफी मागितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जेवून जा. सूर्यास्ताला वेळ आहे अजून." सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. पण परवा कड्याचीचा स्वतःहून फोन आला, सांडगे मिरच्यांत मीठ किती घालायचं ते विचारायला. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

एक करा. या संवत्सरीला मेसेज पाठवायच्या आधी एक कागद घ्या. ज्यांच्याकडे जायची भीती वाटते, अशी दोन-तीन नावं लिहा. बाकीच्यांना मेसेज चालेल. त्या दोन-तिघांकडे मात्र चपला घालून जा.

खारोड्या पुढच्या वेळी, नक्की.

लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.